हुतूतूचे पंच दगडूआबा

सामना सुरू व्हायच्या आधी दगडूआबा पायातल्या वहाणा काढून कनवटीला खोचत. पळायची वेळ आली तर अडायला नको, म्हणत. आम्ही हसायचो, पण थट्टा कसली! तेव्हा सोलापुरात मिलगणिक हुतूतूचा संघ होता, खेळाडू पैशाला पासरी. पंच तेवढा मिळत नसे. हरलेली बाजू पहिला हात त्याच्यावरच टाकी. आबांनी दोघांना पंच म्हणून तयार केलं. एकजण दात पडल्यावर मोहोळला निघून गेला, दुसऱ्याला आईनं शपथ घातली.

चढाईवाल्याचा दम आबा कानानं पारखत. "हुतूतू" कुठं तुटलं की हात वर. म्हणायचे, "डोळ्याला फसवता येतंय, कानाला न्हाय." पण मिलच्या मागखात्यात जन्म गेलेला, मागांच्या खडखडाटानं तेच कान खाल्ले. मी पाठीमागून हाक मारली तरी ते वळेनासे झाले. सामन्यात खेळाडूच्या गळ्याकडं टक लावून बघू लागले. मला धसकाच बसला. आता पुरे करा, असं खुणेनं सांगितलं.

"पुरं करतो की. मग हुबं कोन ऱ्हातंय?"

मी पडलो खेळणारा, मी कसा पंच होणार?

अंतिम सामना आमचा आणि शेजारच्या मिलचा. दोन्हीकडची माणसं काठ्या घेऊनच आली होती. शेवटच्या चढाईत आमच्या शिवरामचा दम मध्येच तुटला. मी स्वच्छ ऐकला. पण बेट्याचे ओठ हलत राहिले, अन् एक गडी मारून तो परत आला. आबांनी चढाई खरी धरली. आम्ही जिंकलो. पलीकडून कल्लोळ उठला. आबांना तो ऐकू आला नाही, पण तोंडं दिसली. ते सरळ माझ्यापाशी आले.

"दम तुटला व्हता का रं? खरं सांग."

माझ्या पाठीमागं आमचीच माणसं उभी होती. तरी मी होकाराची मान हलवली. आबांनी निकाल फिरवला. त्यांच्यावर पहिली काठी पडली ती आमच्या मिलची.

इस्पितळात त्यांनी एवढंच विचारलं, "निकाल बराबर दिला न्हवं?" मी त्यांचा हात धरून होय होय म्हणून मान हलवत राहिलो. रडू आवरेना. दुसऱ्या दिवशी आबा गेले.

पुढच्या हंगामात मैदान आखलं, दोन्ही संघ वेळेवर आले. ऊन कलेपर्यंत वाट बघितली. पंचाच्या जागी कुणी उभं राहीना, तेव्हा सगळे आपापल्या घरी गेले.