मानेजवळ कापलेली दावी

ती घटना आजही आठवली की एका परमुलखातल्या सुनेपुढे मान झुकते.

नायगाव तालुक्यातलं ते नदीकाठचं गाव माझ्या ठाण्याच्या हद्दीत होतं. बंगालच्या उपसागरातलं वादळ आंध्राच्या किनाऱ्याला धडकल्याची बातमी आली, तेव्हा आमच्याकडे कुणी मनावर घेतली नाही. समुद्र कुठं, नांदेड कुठं! पण जमिनीवर आल्यावर वादळाचा वारा मोडतो, पाऊस मोडत नाही. तो तेलंगण ओलांडून आमच्या डोक्यावर येऊन बसला. भरदुपारी नदी गावात शिरली आणि माणसं टेकडीवरच्या शाळेकडे पळाली.

पाणी ओसरलं आणि फिर्याद आली. नदीकाठच्या गोठ्यांतली गुरं चोरीला गेली होती. फिर्यादी गावातला मोठा शेतकरी. पेरणी तोंडावर आणि त्याची लाल कंधारी बैलजोडी गायब. वाहून गेली म्हणावं, तर दावी विळ्यानं कापलेली.

लगेच खबऱ्याचा फोन. "साहेब, समदे शाळेकडं पळून राहिले होते, अन् ही बाई विळा घेऊन खाली नदीकडं! फोनवर तेलुगूत बोलती. त्या बाजूच्या टोळीचीच असंल."

बाई म्हणजे गावातल्याच एका ट्रक ड्रायव्हरची बायको. तो ट्रकचं भाडं घेऊन आंध्राच्या किनाऱ्याकडे जायचा, तिथलीच मुलगी करून आणली होती. महिला अंमलदाराला सोबत घेऊन मी तिच्या घरीच चौकशीला बसलो. सासू दारातच कडाडली, "गुरं न्हाई मिळाली तर हिला तिच्या मुलखात धाडते. पुन्यांदा तोंड दाखवू नको म्हणावं!"

"ताई, विळा घेऊन कुठं गेला होता?"

"नदीकडं."

"गुरं कुठं आहेत?"

"येतील, साहेब."

त्यापुढे तोंडाला कुलूप. घरामागच्या गोठ्यात तिची स्वतःची गाय दाव्याला बांधलेली, मरून पडली होती. चोरांना सामील असलेली बाई आपली गाय अशी मरू देईल? मला ते पटेना.

पंचनाम्याला मी प्रत्येक खुंटा पाहिला. गुरं चोरणारे मी पुष्कळ पाहिलेत. चोर दावं खुंट्याजवळ कापतो, कारण जनावर ओढून न्यायला त्याला दोर लागतो. इथं दोर खुंट्यालाच लोंबत होते. कुणीतरी ते जनावराच्या मानेजवळ कापले होते.

मी परत जाऊन तिला एवढंच म्हणालो, "ताई, हे चोराचं काम नाही."

तेव्हा ती रडली. "आज्जीच्या काळात आमच्या गावात समुद्र शिरला, साहेब. माणसं पळाली, जनावरं दाव्यालाच मेली. तवापासून आमच्याकडं वादळ आलं की आधी दावी कापतात. मानेजवळ. दोर राहिला तर झाडाझुडपात अडकतो. मोकळं जनावर उंचावर जातं."

"मग बोलला का नाहीत?"

"गुरं आल्याबिगर कोण खरं मानंल?"

मी बीट अंमलदाराला रस्त्यावरचे टेम्पो तपासायचं सोडून माळ धुंडाळायला लावलं. तेलंगणच्या सीमेपलीकडच्या ठाण्यालाही कळवलं. पलीकडच्या माळावर गुरं सापडली, अंगावर चिखल, पण धडधाकट. ती बैलजोडी दिसताच फिर्यादी लहान पोरासारखा बैलाच्या गळ्यात पडला.

मी तिला विचारलं, "तुमची गाय का नाही सोडली?"

"नदीकाठचे गोठे आधी केले. आमचा वर हाय, वेळ मिळंल वाटलं. मागं फिरले तर छातीएवढं पाणी."

माझ्या नोकरीत शूर माणसं कमी पाहिली नाहीत, पण हिच्यासारखी दुसरी नाही. पुरावा बोलतो, हे ट्रेनिंगमध्ये शिकलो होतो. गप्प माणूस गुन्हेगारच असतो असं नाही, त्याला कधी कधी पुराव्याची वाट पाहावी लागते, हे तिनं शिकवलं.

काही दिवसांनी फिर्यादी एक कालवड घेऊन तिच्या दारात आला. मीही होतो. त्यानं स्वतःच्या हातानं ती खुंट्याला बांधली. सासू ओवाळायला पुढे झाली, तिला सुनेनं हातानं थांबवलं.

खाली बसून तिनं ती गाठ सोडली आणि एका हिसड्यात सुटेल अशी दुसरी मारली. मग म्हणाली, "आता ओवाळा, आत्याबाई."