नऊ फुटी कागदी बोट आणि दीड बोटाचा बाक

पडवीत कागदाची नऊ फुटी युद्धनौका तयार होत होती आणि मला तिचा राग होता, हे आधीच सांगून टाकते. तोफांना पैसा आहे, तालुक्याच्या दवाखान्याला डॉक्टर नाही, असली पत्रकं मी स्वतः लिहून रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर वाटलेली. उरलेले गठ्ठे घरी पडून होते. बाबांनी तेच बोटीच्या अंगाला लावायला घेतले.

"लोक वाचत नाहीत. बोटीला तरी चिकटू देत," म्हणाले.

बाबा मुंबईच्या गोदीत वेल्डर होते. ही खरी युद्धनौका तिथे दुरुस्तीला आली की तिच्या पोटात शिरणाऱ्यांत ते असायचे. पुढे ती भंगारात गेली. गावी परत आल्यावर त्यांनी आठवणीतून तिचा आराखडा काढला, पुठ्ठ्याच्या बरगड्या कापल्या. तेवढ्यात शहरातल्या एका मंडळाने जहाजांच्या प्रतिकृतींचं प्रदर्शन जाहीर केलं. बाबांनी फोन लावला, मी शेजारीच बसले होते.

"आपण कुठल्या हुद्द्यावर होता?"

"वेल्डर."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग, "असं करा, शनिवारी घेऊन या. बघून ठरवू."

बघून ठरवू! नौदलातल्या निवृत्त साहेबांच्या बोटी न बघताच यादीत चढल्या होत्या. मी फोन हिसकावणार, तर बाबांनी हात आडवा धरला. "बघू देत की. बघण्यासारखी करू."

त्या दिवसापासून त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. मंडळाने नाही म्हटलं असतं तर मी चार माणसं जमवून दारात बसले असते. पण बाबांनी परत कात्री हातात घेतली नसती, हे मला कळत होतं.

कागद लावायची त्यांची रीत ठरलेली होती. एक पट्टी डावीकडे, एक उजवीकडे, आणि ती वाळेपर्यंत थांबायचं. "एकाच बाजूने वेल्डिंग करत गेलं तर लोखंडसुद्धा तिकडे ओढलं जातं. कागदाचं काय घेऊन बसलीस?" मी मान डोलावली.

मंगळवारी ते डोळे तपासायला गेले आणि मला संध्याकाळी सभा होती. त्याआधी बोटीचं काम उरकून टाकू म्हटलं. मी पोस्टरं चिकटवण्यात वाढलेली. भिंत दिसली की एका दमात भरायची, एवढंच माहीत. मैद्याची खळ शिजवली, किडे लागू नयेत म्हणून मोरचूद टाकलं आणि अख्ख्या डाव्या बाजूवर पत्रकांचे तीन थर फासले. दुपारभरात एक बाजू पुरी! सभेत भाषणही झकास झालं.

बुधवारी सकाळी बोट वाकली होती. वाळताना कागद आवळला आणि तिचं नाक डावीकडे वळलं. ती बाजू भिंतीकडे फिरवून ठेवली. "खळ ओली आहे, हात लावू नका," असं बाबांना बजावलं. उन्हात काढावी तर आणखी आवळणार, पडवीत ठेवावी तर दमट हवेत बुरशी धरणार. चिऱ्याच्या दगडाचा तुकडा ठेवून दाबून पाहिलं, तर एक बरगडी कटकन मोडली. मी पोलिसांसमोर आवाज चढवणारी. इथे बाबांच्या चपला वाजल्या की परसात पळत होते.

गुरुवारी आईने मला स्वयंपाकघरात गाठलं. "सांगतेस की मी सांगू?"

"त्यांना सहन नाही होणार."

"आणि शनिवारी चार लोकांत होईल काय?"

मोडलेल्या बरगडीसकट सगळं बाबांना सांगितलं. बाबांनी बोटीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत दोरी ताणली. दोरी आणि बोटीचा कणा यांच्यात मधोमध तीन बोटं अंतर.

"तीनही थर एकदम?"

"हो."

"जमिनी मागायला येणाऱ्या प्रकल्पवाल्यांना सांगत फिरतेस, आधी लोकांना विचारा म्हणून. मला विचारलंस गो?"

मी दोरी गुंडाळायला घेतली.

"खळ शिजव," ते म्हणाले. "तेवढीच. तशीच."

आता उजवी बाजू, तीन थर, एका दमात. गोदीत वाकलेला पत्रा असाच उलट बाजूने तापवून सरळ करत म्हणे. "आली तर आली. नाहीतर फाटेल."

शुक्रवारभर आम्ही तिच्याजवळ बसून होतो. वाळता वाळता कागद कुरकुरत होता. बाबा तासातासाला दोरी धरत. तीन बोटांची दोन झाली. दुपारी उजव्या अंगाला बारीक चीर पडली. ती पुढे सरकू नये म्हणून बाबा तिथे अंगठा दाबून बसले, मी पट्टी फाडून लावली. संध्याकाळी दीड बोट उरलं. मग ती हललीच नाही.

शनिवारी टेम्पोत मी विचारलं, "त्यांना दिसलं तर?"

"दिसणारच. डोळे आहेत त्यांना."

"आणि नको म्हणाले तर?"

"तर परत आणू. तू तिथे भाषण ठोकायचं नाहीस."

मंडळाचा माणूस बोटीभोवती दोनदा फिरला. पुढच्या टोकाशी थांबला. "जरा वाकलीय."

"दीड बोट," बाबा म्हणाले. "परवा तीन होती." आणि त्यांनी वरचा डेक उचलून बाजूला ठेवला. आत खोल्या होत्या, जिने होते, ते स्वतः रांगत जायचे ती अरुंद वाट होती. माणूस वाकला तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. मी दातावर दात दाबून उभी.

"त्या खिडकीजवळच्या टेबलावर ठेवा," तो म्हणाला.

बाबांनी मागचं टोक उचललं. मी पुढचं, डावीकडे वळलेलं टोक धरलं आणि आम्ही खिडकीकडे निघालो.