शिट्टी होईपर्यंत

आष्टीच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर सुई टोचेपर्यंत जनावर धरणं, हे त्याचं काम. एकेकाळी तो जिल्ह्याच्या कबड्डी संघात कोपऱ्यात खेळायचा. घोटा धरला की गडी हलायचा नाही, म्हणतात. माझा चेहरा त्याला ठाऊक नसावा, कारण बोलताना त्याची नजर माझ्या पायांवर असते. "मास्तर, डावा पाय जपून टाकताय," हे त्यानंच मला आधी सांगितलं.

गेल्या आठवड्यात आमची कालवड तिथं दोर हिसकून पळाली. त्यानं झेपावून तिचा मागचा पाय पकडला. तिनं त्याला फरफटत नेलं, कोपर सोललं, पण पकड सुटली नाही. डॉक्टरांनी सुई टोचली, बॅग मिटली, तरी हा धरूनच. मग डॉक्टरांनी खिशातली शिट्टी काढून वाजवली, तेव्हा त्यानं पाय सोडला. कुणीच हसलं नाही.

कालवड घेऊन फाटकाकडं येताना मी विचारलं, "शिट्टी कशाला लागती तुला?"

"फायनलला गडी धरलता, मास्तर. वाटलं, त्याचा दम गेला. शिट्टीच्या आधीच सोडला."

"मग?"

"मधल्या रेषेला हात लावला त्यानं. हरलो." थोडं चालून तो म्हणाला, "दम त्याचा न्हाई, माजा गेलता."

फाटकाशी त्यानं दोर माझ्या हातात दिला, पण स्वतःची मूठ काही उघडली नाही. दोर धरून आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. मला तोंडानं शिट्टी वाजवता येत नाही.