लाईट आल्यावर या

आख्ख्या इंटरनेटवर शेतीच्या लाईटवर चालणारा माणूस एकच आहे, आणि तो माझा सख्खा आत्तेभाऊ आहे! थांबा, नीट सांगते. दादाची स्वतःची वेबसाइट आहे. कुठल्या ॲपवर उघडलेलं खातं नाही हां, स्वतःची, स्वतःच्या नावाची. आणि ती राहते वडगाव रासाईला आत्याच्या वस्तीवर, ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीवर ठेवलेल्या एका जुन्या लॅपटॉपात. त्याची बॅटरी कधीच मेलीये. वस्तीची लाईट शेतीच्या लाइनीवरची, म्हणजे कधी सकाळची, कधी दुपारची, कधी रात्रीची, दर आठवड्याला पाळी वेगळी. लाईट आली की विहिरीवरची मोटर उचलते आणि कोठीवरची साइट उचलते. लाईट गेली की दोन्ही गपगार. घरात इन्व्हर्टर आहे, पण तो पंख्याला आणि आत्याच्या टीव्हीला. साइटला पण जोड की, म्हटलं तर दादा म्हणतो, "आईची शिरेल बुडवून माझं वाचणार कोण हाय?" त्याच्या प्रत्येक ईमेलखाली नाव, साइटचा पत्ता आणि त्याच्याखाली एक ओळ असते, 'न उघडल्यास लाईट आल्यावर या.' परदेशातल्या क्लायंटलासुद्धा हेच जायचं, इंग्रजी करून. त्यातल्या एकानं तर बिचाऱ्यानं लाईटचं वेळापत्रक मागवून घेतलं होतं.

साइटवर काय आहे ते विचारूच नका! सॉफ्टवेअरच्या अवघड-अवघड गोष्टी सोप्या करून लिहिल्यात, त्याला लागूनच आत्याच्या काळ्या मसाल्याची कृती आहे, मग थंडीत गाडी चालू होत नसेल तर काय करायचं, मग मोत्या कुत्र्याचा फोटो, आणि इनामगावला जुन्या गावठाणाच्या पांढरीच्या मातीत दिसलेल्या, हजारो वर्षांपूर्वीच्या एका खापराचा फोटो. त्याच्याखाली लिहिलंय, 'हे ज्यानं घडवलं त्याचं कुठंच खातं नव्हतं. तरी टिकलंय.' दसऱ्याला आत्या ट्रॅक्टरच्या बरोबरीनं त्या लॅपटॉपलाही हळदीकुंकू लावते आणि पाहुणे आले की वर टॉवेल टाकते. मग तो तापून बंद पडतो आणि साइट पाहुणे जाईपर्यंत झोपते. मी त्याला खूप हसायचे. माझं स्वतःचं खातं भारी चाललं होतं ना, दौंड स्टेशनचे, भीमेच्या पुलाचे, कॉलेजचे, सगळे फोटो त्याच्यावर. एक दिवस खातं बंद! का, कुणी, काही कळेना, फोन करायला माणूस नाही. मी दोन दिवस रडत होते. दादा चिडवेल वाटलं, पण तो नुसतं म्हणाला, "बारके, पाणी रोज तू घातलंस, पण झाड दुसऱ्याच्या रानात व्हतं. आता उचलता येत न्हाई."

पुढं मी पुण्यात खराडीला त्याच्याच कंपनीत लागले आणि दादा ऑफिसात कसा असतो ते बघितलं. कोरेगाव भीमाच्या ट्रॅफिकमधनं बाईकवर यायचा, तोंडाचा रुमाल सोडायचा आणि थेट मीटिंगमध्ये. आमचे हेड म्हणजे सुंदर बोलणारा माणूस. तासभर बोलायचे आणि शेवटी दादाचा हात वर जायचा, "सर, समद्यांला पटलं. आता म्हंजी करायचं काय?" सगळे खाली बघून हसायचे. काम जमलं की हेड म्हणायचे 'मी केलं', बिघडलं की 'टीमनं केलं'. दादाचं बरोबर उलटं. एकदा एका नव्या पोराच्या हातनं क्लायंटची आख्खी साइट झोपली, तर दादा भर मीटिंगमध्ये म्हणाला, "मी तपासलं न्हाई, चूक माझी हाय. आता ती उठवू, आन् मग जेवू." आणि उठवलीच की! मग त्या पोराला आपल्या डब्यातली भाकरी आणि ठेचा दिला. ते पोरगं पार नागपूरकडचं, ठेचा खाऊन म्हणालं, "सर, ही शिक्षा आहे का?"

हेडचं आवडतं वाक्य होतं, 'इथं साहेब कुणी नाही, आपण फॅमिली आहोत.' मग एक दिवस सकाळी सकाळी व्हिडिओ कॉल लागला. हेडनी उदास चेहरा करून कागद वाचला आणि कॉल संपायच्या आत आमच्यातल्या काही जणांचे लॅपटॉप लॉक झाले. त्यात टेस्टिंगच्या शीतलताई होत्या, ज्यांनी तपासल्याशिवाय आमचं एक पान साइटवर चढायचं नाही. शेजारी बसलेला दादा हळूच म्हणाला, "फॅमिलीतनं माणूस काढला तर तो वाटणी मागतो. यांनी वाटणी तर सोडा, चहा पण न्हाई पाजला." पण खरा वाईटपणा पुढंच होता. हेड बाहेर सगळ्यांना सांगायला लागले की काढलेले लोक कामाला कच्चे होते. शीतलताईंना दोन जागी होत आलेली नोकरी हुकली. आणि आम्हाला वरून सूचना, की प्रत्येकानं आपापल्या खात्यावर हेडचा फोटो टाकून 'अशा काळात असं नेतृत्व लाभलं' असं लिहायचं. एचआरच्या मॅडम दादाकडं आल्या.

"तुमची पोस्ट राहिलीये."

"माझं तिथं खातंच न्हाई मॅडम."

"मग उघडा ना!"

"माझं हाय की सोताचं. तिथं लिवतो."

आणि लिहिलं ना! पानाचं नाव, 'आमच्याकडनं गेलेली माणसं'. एकेकाचं नाव आणि त्यानं खरंच काय काम केलं ते. 'शीतलताई. हिच्या नजरेतनं चूक सुटत नाही. माझ्या पुष्कळ पकडल्या. आमच्या हेडच्याही पकडल्या, पण त्या बोलून दाखवायची आमच्यात पद्धत नव्हती.' आणि सगळ्यात खाली, 'या लोकांना कामासाठी काढलेलं नाही. कंपनीचा अंदाज चुकला, तो यांच्या नावावर घालू नका. माणूस पाहिजे असल्यास मला फोन करा.' त्याच्यापुढं स्वतःचा नंबर.

हेडच्या कानावर गेलं आणि त्यांनी सगळ्यांची मीटिंग लावली. मोठा पडदा, आणि पडद्याच्या लॅपटॉपवर मी! हेड म्हणाले, "आपल्यातल्याच एकानं घरातलं भांडण चव्हाट्यावर नेलंय. ते पान उघड, सगळ्यांना बघू दे." मी पत्ता टाकला. गोल गोल फिरलं आणि... उघडेना! हेडचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू. "काढलं वाटतं. गुड! उशिरा का होईना, समज आली." आणि पडद्याकडं पाठ करून ते विश्वास या विषयावर सुरू झाले.

मी मागं बघितलं. दादा शेवटच्या रांगेत, हाताची घडी, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. मग माझी ट्यूब पेटली. या आठवड्यात वस्तीवर लाईट दुपारी बाराला! हेड अजून दहा मिनिटं बोलले तरी पुरणार होतं, आणि ते दहा मिनिटांत थांबलेत असं कधी झालंच नव्हतं. काटा बारावर गेला, पुढं सरकला. हेड म्हणत होते, "लीडर म्हणजे जो आपल्या माणसांच्या मागं उभा राहतो..." आणि मी बटण दाबलं. पान आलं. त्यांच्या मागं, भिंतभर! लोक वाचायला लागले. काय ती शांतता! हेडचं भाषण इतक्या मन लावून कुणी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यांनाही तेच वाटलं, कारण आवाज भरून आला त्यांचा. मग शीतलताईंच्या जागेशेजारी बसणारी मुलगी डोळे पुसायला लागली, तेव्हा कुठं ते वळले.

"हे... हे कसं आलं?"

मागनं दादा म्हणाला, "लाईट आली सर."

हसू असं फुटलं की एचआरच्या मॅडमसुद्धा हसल्या! हेड नाही हसले. "आत्ताच्या आत्ता काढ ते."

"सर, हितं तुमचं राज्य हाय, तुम्ही म्हणाल तसं. पण त्या जागंवर माझी आई झाडू मारती. तिथं तुमचा हुकूम चालत न्हाई."

"मग एक तर ते पान राहील, नाहीतर तू."

"व्हय," दादा म्हणाला, "पान ऱ्हाऊ द्या."

चार्जर गुंडाळला, डबा घेतला, रुमाल बांधला. माझ्याजवळ थांबून एवढंच बोलला, "बारके, तू बस. मामांना लगीच काय सांगू नको." आणि गेला.

शीतलताईंना त्या पानावरनंच नोकरी लागली. बाकीच्यांनाही बहुतेक लागल्या. दादाचा फोन अजून वाजतो, पण तो नेहमी दुसऱ्या कुणासाठी. त्याच्यासाठी नाही वाजत. मुलाखती होतात, लोक गोड बोलतात, मग कुणीतरी ते पान वाचतं आणि कळवतो म्हणून सांगतं. तो वस्तीवरनं छोटी-मोठी कामं करतो, आणि आत्या म्हणते, "बरंच हाय, घरी जेवतोय तरी." मी ऑफिसात जेवायच्या सुट्टीत साइट उघडते. उघडली नाही की कळतं, वस्तीवर लाईट नाही, तो लिंबाखाली बाज टाकून बसला असेल. आता मीटिंगमध्ये 'करायचं काय?' असं कुणी विचारत नाही.

परवा ते पान पुन्हा वाचताना लक्षात आलं, त्यात सगळे आहेत, एकटा तोच नाही. कसा असेल, लिहिणारा तोच! म्हणून त्याला म्हटलं, मला तुझ्या साइटवर थोडी जागा दे. म्हणाला, "घे की. पण लई वाढवून लिवू नको." तर ही माझी ओळ, त्याच्याच पद्धतीनं. 'माझा दादा. चूक झाली तर आपली म्हणतो, काम जमलं तर दुसऱ्याचं नाव घेतो. माणूस पाहिजे असल्यास फोन करा.'

लागला नाही, तर लाईट आल्यावर करा.