हनुवटी तुमची, आणि दात?

माझ्या नवऱ्याची आत्या कवळ्या करते. दवाखान्यातून लोकांच्या जबड्यांचे साचे येतात, त्यांवर ती मेणात एकेक दात बसवते. चाळीस वर्षं हेच काम. लग्न केलं नाही आणि कुणाचं ऐकूनही घेतलं नाही. सासूबाई तिला तिखट म्हणतात. मी म्हणते, असावं घरात एखादं माणूस असं.

माझी मुलगी नऊ वर्षांची झाली, तरी पुढच्या दोन दातांच्या शेजारचे दात काही येईनात. एक्स-रे काढला, तर हाडात त्या दातांचे कोंबच नाहीत. झालं, सासूबाईंच्या हाती आयतं कोलीत मिळालं. "पोटुशी असताना हिने धड खाल्लं नाही, पोरीच्या तोंडाचं वाटोळं केलं." आणि हेच तोंड एरवी कौतुकाने सगळ्यांना दाखवायच्या, हनुवटी बघा, अगदी आमच्या घरची. म्हणजे चांगलं ते तुमचं आणि वाईट ते सुनेचं? मी कडाकडा भांडले, रडले मात्र नाही. पण एका संध्याकाळी पोरगी म्हणाली, "आई, तू नीट जेवली असतीस तर मला दात आले असते ना?" त्या दिवशी रडले.

रविवारी आत्या जेवायला आली. एक्स-रे खिडकीशी धरून तिने नीट पाहिला. मग एक वाटी मागितली आणि तोंडातून दोन दातांची कवळी काढून तीत ठेवली. नेमके तेच दोन दात.

"दादा, आता तू," ती सासऱ्यांना म्हणाली. ते पेपरात तोंड खुपसून बसले होते. "काढ. तुझ्या लग्नाआधी मीच करून दिलीय. बाबांनी शपथ घातली म्हणून मी गप्प बसले. तू कशाला गप्प बसलास? ही तुझी सून रोज बोलणी खातेय, ऐकू येत नाही तुला?"

सासऱ्यांनी मुकाट्याने कवळी काढली.

"म्हणून दार लावून दात घासता होय," सासूबाई म्हणाल्या. सदतीस वर्षांच्या संसारात त्यांना पत्ता नव्हता.

"दात किती, हनुवटी कशी, हे जनुकांत आधीच ठरतं," आत्या म्हणाली. कवळीवाचून शब्द फसफसत होते, आवाज मात्र खणखणीत. "आपल्या घरात या दोन दातांचा हुकूमच नाही. बाबांना नव्हते, आम्हाला नाहीत. हिच्या बापाला आले, पण पोरीपर्यंत हे आलं त्याच्याकडूनच. वहिनी, सुनेने डोंगर खाल्ला असता तरी ते उगवले नसते."

सासूबाई हळूच मला म्हणाल्या, "जाऊ दे, झालं गेलं विसर."

"मला नका सांगू," मी म्हटलं. "तिला सांगा."

त्या पोरीसमोर बसल्या. पदराशी चाळा करत पुटपुटल्या, "तुझ्या आईचं काही चुकलं नव्हतं."

"मोठ्याने," आत्या म्हणाली.

सासूबाईंनी मोठ्याने सांगितलं.