श्रावण मिस्त्रींची भिंत

सुजाता आमच्या फाटकाशी आली तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. ओसरीवर मृगबहाराच्या संत्र्यांची निवड चालली होती आणि मी टोपल्यांपाशी बसले होते. सुजाता म्हणजे श्रावण मिस्त्रींची मुलगी, सौसरलाच एका कचेरीत टायपिस्ट आहे. ती आत आली नाही. सायकल धरून फाटकातूनच म्हणाली, "बाबा गेले परवा. तुमच्या घरी सांगावं असं आईनं म्हटलं, म्हणून आली." मी उठून उभी राहीपर्यंत माझे भासरे, म्हणजे थोरले दीर, खुर्चीतून बोलले, "अरेरे… कारागीर चांगला होता हो. पण आमची दिवाणखान्याची भिंत बिघडवली त्यानं."

पण! माणूस जाऊन दोन दिवस झालेले, पोटची मुलगी दारात उभी, आणि यांना 'पण' सुचतो. सुजातानं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग सायकल वळवली आणि गेली. या गोष्टीला आता सात आठवडे होतील. माझा राग काही उतरलेला नाही. त्यातला निम्मा भासऱ्यांवर आहे आणि निम्मा माझ्यावर, आणि माझ्या वाट्याचा निम्मा जास्त झोंबतो, म्हणून हे लिहायला बसले आहे.

सौसरला आमच्या घराला 'मोठी माडी' म्हणतात. मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, आजोबांनी कापसाच्या भरभराटीच्या दिवसांत बांधलेलं हे दोन मजली घर. सागाचे खांब, रस्त्याच्या अंगाला कोरीव कठड्याची गॅलरी आणि दिवाणखाना एवढा, की आत बैलगाडी वळवावी. मी पांढुर्ण्याहून लग्न होऊन आले तेव्हा या थाटातलं निम्मं गळून गेलं होतं. छपराचे कवेलू सरकलेले, जिन्याच्या तीन पायऱ्या गायब, वरच्या मजल्यावर जायची कुणाची छाती नाही. जो तो मामाजींना सांगायचा, पाडा आणि स्लॅब टाका. मामाजींनी कुणाचं ऐकलं नाही. एक्क्याऐंशी साली त्यांनी रामाकोन्याहून श्रावण मिस्त्रींना बोलावून घेतलं. एवढ्यापुरते मामाजींचे आभार मानायला मी तयार आहे.

मिस्त्री छोट्या लाइनच्या रेल्वेगाडीनं यायचे, हातात ओळंबा आणि थापीची पिशवी. पहिले चार महिने हा माणूस काही बांधेचना. बोटाच्या पेरांनी भिंत ठोकायची, कान लावायचा आणि पोकळ आवाज आला की तिथं गेरूचा ठिपका ठेवायचा. होता होता सगळ्या घराला गोवर निघाल्यासारखं दिसायला लागलं. भासरे जाता-येता चिडवायचे, "काय श्रावण, सापडली का नाडी?" मिस्त्री त्यांच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठे, तरी 'श्रावण' आणि 'तू'. मिस्त्री हसून सोडून द्यायचे. मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, हेही लिहून ठेवते.

मग त्यांनी परसात खड्डा खणवला, त्यात चुना भिजत टाकला आणि वर फळ्या झाकल्या. मामाजींनी विचारलं, "आता?" तर म्हणाले, "आता वरीसभर याले हात नाही लावाचा, मालक. चुना जितका मुरन तितका चांगला. जल्दी असन त सिमिटवाला बलवा." मामाजींना हे बोलणं फार आवडलं. ते दोघे तासन् तास परसात बसून असायचे. मधल्या काळात छपराची लाकडं बदलली, वाळवीनं खाल्लेल्या खांबांना नव्या सागाचे तुकडे असे जोडले की सांधा शोधून सापडू नये, जिना झाला. कापूस वेचायच्या दिवसांत मजूर बाया शेतावर जायच्या आणि काम थांबायचं, पावसाळ्यात तर थांबायचंच. गावात लोक म्हणायचे, "लेकरं जन्मून शाळेत गेली, पण माडीचा जिना अजून होऊनच राहिला." मिस्त्रींना त्याचं काही नव्हतं. सुरखी म्हणजे विटांचा भुगा, गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी असं सगळं चुन्यात मळायचं. एक थर दिला की तो पुरता वाळल्याशिवाय दुसरा नाही. मी बी. ए. झालेली, पण त्या घरात मला कुणी कधी काही शिकवलं नव्हतं आणि विचारलंही नव्हतं. मिस्त्रींनी दोन्ही केलं. सुरखी चाळता चाळता मला कळलं की जुन्या भिंतीत जमिनीची ओल चढतेच, ती अडवायची नसते, तिला बाहेर पडायला वाट ठेवायची असते, आणि चुना ती वाट ठेवतो.

दिवाणखान्याच्या भिंती त्यांनी शेवटी घेतल्या. शेवटचा हात गारगोटीनं घोटून घोटून दिला. ते काम संपलं तेव्हा भिंतीत खिडकीचा उजेड दिसायचा, खिडकीच्या गजांसकट. सहा वर्षं झाली होती. आता एक खोली उरली होती… देवघर.

इथं स्पष्टच सांगते. मिस्त्री बौद्ध होते, आणि आमच्या देवघरात बौद्ध माणसाचं पाऊल पडू द्यायचं नव्हतं. सहा वर्षं ज्यानं घराचा इंच न् इंच हातानं चाचपला, त्याला दहा फुटांच्या खोलीचा उंबरा बंद. मामाजी वाईट माणूस नव्हते, आणि याचाच मला जास्त संताप येतो. वाईट माणसाला निदान आपण काय करतो ते ठाऊक असतं. मामाजी अगदी मायेनं म्हणाले, "श्रावण, थे खोली राहू दे. तिथं आपला मानूस लावू." 'आपला' माणूस पांढुर्ण्याहून आला. त्याला सिमेंटशिवाय काही येत नव्हतं.

त्या दिवशी मी चहा घेऊन गेले होते. मामाजी देवघराच्या उंबऱ्याशी उभे, मिस्त्री दोन हात मागे. मिस्त्री सांगत होते, "मालक, देवघर अन् दिवाणखाना, भिंत एकच हाये. इकून चुना अन् तिकून सिमिट, असं नोका करू. तुमचं रोजचं देवाचं पानी त्याच भिंतीच्या बुडाशी मुरते. सिमिट थे बाहेर नाही येऊ देनार. सारी वल इकडं दिवाणखान्यात फुटन. दोन पावसाळे नाही निंघनार." मामाजी म्हणाले, "पन तू आत कसा येशीन?" मिस्त्री म्हणाले, "मले तुमच्या देवाशी काही काम नाही, मालक. मले भिंतीशी काम हाये. नाहीच येऊ देत त मी उंबऱ्याच्या बाहीर बसतो. चुना मी मळून देतो, त्या मिस्त्र्याले इथून सांगतो."

आणि मला, कपबशा हातात धरून उभ्या असलेल्या मला, वाटलं की वा, छान तोड निघाली! तोड कसली? पण वाटलं खरं. दोन दिवस मिस्त्री उंबऱ्याबाहेर पोत्यावर बसून राहिले, शेजारी मळलेला चुना. आतला माणूस त्यांच्याकडे पाठ करून उभा राहायचा. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, या माणसाच्या तोंडून शिकायला मी आलो नाही, एक तर हा राहील नाही तर मी. मामाजींनी खाली पाहत मिस्त्रींना सांगितलं, "श्रावण, तू घरी जाय." तो मळलेला चुना परसात तसाच दगड होऊन पडला. देवघर आठवड्यात सिमेंटनं चकचकीत झालं.

दोन पावसाळेसुद्धा लागले नाहीत. भासऱ्यांच्या मुलीचं साक्षगंध होतं, दिवाणखान्यात पाहुणे बसलेले, तिगावचे, बोरगावचे. भिंतीला आधी लोणा, म्हणजे पांढरा खार, फुटला होता, तो आम्ही पुसून काढायचो. त्या दिवशी ऐन ओटी भरताना ताटाएवढी खपली सुटून गालिच्यावर पडली. भासरे सगळ्यांसमोर म्हणाले, "हे त्या श्रावणाचं काम. कच्चा चुना लावला त्यानं." पडलं ते मिस्त्रींच्या हातचं, दिसलं ते सगळ्यांना. देवघराकडची बाजू कशी, तर गुळगुळीत! पाहुण्यांपैकी दोघांनी आपापली जुनी घरं मिस्त्रींना द्यायची ठरवली होती, एक तिगावचं, एक बोरगावचं. दोघांनीही घरी जाऊन नाही म्हणून निरोप धाडले.

आठवड्यानं मिस्त्री आले. निरोप त्यांना पोचले होते. दिवाणखान्यात मामाजी, भासरे, मी. मिस्त्रींनी भिंत पाहिली, खपली हातात घेऊन चुरडून पाहिली आणि म्हणाले, "चुना कच्चा नाही. तिकडचं सिमिट खरडून काढा, एक उनाळा उघडी ठेवा, भिंत आपोआप वाळन. मंग मी पुन्हा करून देतो. पन मालक, माह्यं नाव खराब होऊन राहिलं. मी सांगतलं होतं तुमाले. बाईच्या समोर सांगतलं होतं." मामाजी काठीच्या मुठीकडे पाहत राहिले. भासरे माझ्याकडे वळले, "काय, सांगितलं होतं यानं?"

मी म्हणाले, "मला नीट आठवत नाही."

का म्हणाले, याची कारणं मी वर्षभर गोळा करते आहे. सासऱ्यांना खोटं पाडायचं कसं… पुतणीची सोयरीक… धाकट्या सुनेनं तोंड उघडायची पद्धत नाही… सगळी कारणं खरी आहेत आणि सगळी मिळून कवडीची नाहीत. मिस्त्रींनी खपली खाली ठेवली आणि निघाले. मी फाटकापर्यंत त्यांच्यामागे गेले, तेव्हा न वळता म्हणाले, "तुमाले आठवते, बाई. मले माहीत हाये तुमाले आठवते." आमचं तेच शेवटचं बोलणं. पुढं त्यांना कुणी जुन्या घराचं काम दिलं नाही. चुन्यात जन्म घालवलेला तो माणूस शेवटचं वर्ष लोकांच्या संत्राबागांना सिमेंटची कुंपणं घालत होता. एकदा बाजारात समोरासमोर आलो. त्यांनी मला पाहिलं आणि शांतपणे रस्ता ओलांडला. मामाजी गेल्या दिवाळीच्या आधी गेले. त्यांच्याबद्दल पेपरात छापून आलं की त्यांनी पूर्वजांची वास्तू स्वतः खपून जतन केली. स्वतः खपून! तो मजकूर भासऱ्यांनी काच लावून दिवाणखान्यात टांगला आहे, बरोबर त्या पडक्या जागेवर.

सुजाता फाटकातून परत गेली त्याच दुपारी मी छिन्नी-हातोडी घेऊन देवघरात गेले. देव उचलून स्वयंपाकघरात ठेवले आणि सिमेंट फोडायला लागले. सून देवघर फोडते आहे म्हणून घरात गहजब झाला. भासरे उंबऱ्याशी उभे राहून ओरडत होते. ओवळ्यानं आत यायचं नाही हा त्यांचाच नियम, आणि त्यांची अंघोळ झालेली नव्हती, म्हणून ते बाहेरच राहिले. आयुष्यात एकदा तरी तो नियम कामी आला. सिमेंटमागचा दगड इतका ओला होता की बोट लावलं की पाणी ओघळावं. चार दिवसांत कंबरेएवढी भिंत मोकळी केली. माझे यजमान मधे पडले नाहीत, आणि मदतीलाही आले नाहीत.

मग मी रामाकोन्याला गेले. सुजाताला सगळं सांगितलं, जे आठवत नाही म्हणाले होते तेही, शब्द न् शब्द. म्हटलं, "चल, तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. आता तुला देवघरात कुणी अडवणार नाही." ती हसली… ते हसू मी विसरणार नाही. म्हणाली, "मले कायले दाखवता, बाई? माझ्या बापावर मी कधी शक घेतला होता? ज्यायनं काम नाकारलं त्यायले दाखवा. तुमच्या घरात येऊन भिंत पाहाची मले काही हौस नाही." आईनं आतून चहाला हाक मारली, पण सुजातानं मला बस म्हटलं नाही. बरोबरच केलं.

तेव्हा तिगावच्या आणि बोरगावच्या मंडळींनो, तुम्ही वाचत असाल तर हे तुमच्यासाठी आहे. श्रावण मिस्त्रींचा चुना कच्चा नव्हता. त्यांनी आधीच बजावलं होतं, माझ्यासमोर बजावलं होतं, आणि मी खोटं बोलले.

देव अजून स्वयंपाकघरातच आहेत. देवघरात कुणी जात नाही, मीच सकाळी जाऊन खिडकी उघडते आणि उन्हं कलली की लावते. आता वैशाख सुरू आहे. वरून खाली ओल उतरत चालली आहे, ओला दगड काळा दिसतो आणि वाळलेला राखाडी, त्यामुळे ती रेघ रोज दिसते. ती आता गुडघ्याच्या खाली गेली. भिंत वाळते आहे, ते म्हणाले होते तशीच, आपोआप. भासरे काल दारातून डोकावले आणि त्या रेघेकडे पाहून म्हणाले, "म्हणजे तो बरोबर होता म्हणायचा." मी म्हटलं, हो. आणि मला हे तेव्हाही माहीत होतं.