परभणीच्या पानावर आमची वस्ती

आमच्या गावात पेपर यायचा तो दूध संस्थेच्या ओट्यावर. सकाळी कॅन रांगेत लावून माणसं दुधाचं फॅट मोजून होईपर्यंत बसायची आणि कुणीतरी मोठ्यानं वाचायचं. मी परळीच्या कॉलेजात जायला लागल्यापासून सुट्टीच्या दिवशी ते काम माझ्याकडं आलं. आमच्या घरात शिकलेली मी पहिलीच. वाचताना एखादा शब्द अडला तरी कुणी हसत नसे.

ओट्यावर रोज येणारे एक आबा सांगायचे, "बहात्तरच्या दुष्काळात पेपर तिसऱ्या दिवशी यायचा, टपालानं. पर आमी वाचायचो तोच बीडात कलेक्टर वाचायचा." मला ते पटायचं. पेपर म्हणजे एकच, वरपासून खालपर्यंत सगळे तोच वाचतात, असंच माझ्या डोक्यात होतं.

त्या वर्षीही पाऊस नव्हता. साखर कारखान्याचा पट्टा लवकर पडला, गाळप संपलं, त्यामुळं ऊसतोडीला गेलेले माझे आईवडील आणि सगळी वस्ती उन्हाळ्याआधीच परत आली. गावाला टँकर सुरू होता, पण तो गावातल्या विहिरीत रिकामा व्हायचा. आमची वस्ती ओढ्यापलीकडं, दीड-दोन किलोमीटरवर. आई दिवसाला चार खेपा करायची. दुपारी ती मान चोळत बसलेली दिसली की मला अभ्यास सुचत नसे.

स्टँडवर हॉटेल चालवणारे एक काका पेपरचे एजंट होते आणि वार्ताहरही तेच. त्यांना मी भीत भीत म्हणाले, वस्तीची बातमी द्या ना.

"तूच लिव्ह," ते म्हणाले. "कॉलेजात कावून जातीस मग? मी कागदाचा फोटो काढून धाडतो."

तीनदा खोडून मी अर्धं पान लिहिलं. चौथ्या दिवशी ते छापून आलं, आतल्या पानावर, खाली, बोटभर. आबांनी ते मला दोनदा वाचायला लावलं. कुणीतरी कात्रण कापून खळीनं संस्थेच्या भिंतीवर चिकटवलं.

दोन दिवसांनी ग्रामसेवक वस्तीवर आले. वस्तीला वेगळा टँकर हवा तर प्रस्ताव करावा लागेल, म्हणाले. घरटी माणसं, जनावरं लिहून द्या, सह्या-अंगठे करा. बायकांनी माझ्याकडं पाहिलं.

"आता पेपरात आलंय," मी म्हणाले. "साहेबांनी वाचलं असेल."

शेजारची मावशी हसली. "सायेब, तुमी लई उशिरा आलात. आमचं काम झालं." ग्रामसेवक कोरे कागद घेऊन परत गेले.

आठवडा झाला, टँकर आला नाही. कॉलेजच्या लायब्ररीत तोच पेपर यायचा. मी मागच्या तारखा काढून बघितल्या. आमची तारीख सापडली. पहिलं पान तेच होतं, शेवटचंही तेच. आतलं पान वेगळं, आणि त्यात आमची बातमी नव्हती. मी पानं पुन्हा पुन्हा उलटत होते. शेवटी लायब्ररीतल्या मॅडमनी सांगितलं, प्रत्येक जिल्ह्याचं पान निराळं असतं. तुमच्याकडं कुठला अंक येतो?

ते मला माहीत नव्हतं. परत येताना स्टँडवर काकांना विचारलं.

"परभणीचा," ते कपबश्या विसळता विसळता म्हणाले. "आपण जिल्ह्याच्या कडंला. सोनपेठची गाडी आधी येती, गठ्ठा तिच्यातच येतो. बीडवाला अंक आणायचा तर दुपार व्हती."

आमचा टँकर मंजूर करणारं ऑफिस परळीत होतं, आणि तिथं बीडचा अंक जायचा.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"म्हंजी सायबानं वाचलंच न्हाई?"

"न्हाई."

"मग कुणी वाचलं?"

"आपण. आन परभणीवाल्यांनी."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "त्या मानसाला कावून माघारी धाडलं मग?"



दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकांकडून मी ते कागद मागून आणले आणि घरोघर फिरले. प्रत्येक दारात आधी सगळं सांगावं लागलं. मावशी म्हणाली, "आता कुनत्या जिल्ह्यात छापतीस गं? लातुरात?" पण तिनं पोराला हाक मारली, गोठ्यातली जनावरं मोजायला लावली आणि अंगठा पुढं केला. संध्याकाळपर्यंत एकही घर राहिलं नाही.

टँकर त्यानंतर बारा दिवसांनी वस्तीवर आला. ग्रामसेवक म्हणाले, पहिल्याच वेळी कागद झाले असते तर आठवडाभर आधी आला असता. ते रागानं बोलले नाहीत, त्यामुळं मला जास्तच लागलं.

त्या बारा दिवसांत कॉलेजची गाडी यायच्या आधी आईच्या चारपैकी दोन खेपा मी केल्या. तिनं नको म्हटलं नाही.